तुपाची वाटी घेऊन येणारा हात

जेवताना गुरगुरणाऱ्या कुत्र्याचं काय करावं, असं हैदराबादच्या बरकतपुऱ्यात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: भांडं काढून घ्या, मालक कोण ते त्याला एकदा कळू दे. अपार्टमेंटचा वॉचमन हेच सांगतो, चमनच्या बागेभोवती सकाळी फेऱ्या मारणारे काका हेच सांगतात आणि नांदेड-परभणीकडच्या वाड्यात कुत्री बघत वाढलेले घरातले आजोबाही मान डोलावतात. काही जण तर पिल्लू घरी आल्या दिवसापासून त्याच्या भांड्यात मुद्दाम हात घालून ढवळतात, पुढे त्रास नको म्हणून. माझ्या मते लाडाने जितकी कुत्री बिघडतात, त्याहून जास्त या एका सल्ल्याने बिघडतात.

याच्या नेमकी उलट वागणूक सांगणारी गोष्ट आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. कोरडी पोळी त्याच्या घशाखाली कशी उतरेल, एवढीच त्यांना काळजी. कीर्तनकार त्यातून सर्वांभूती परमेश्वर दाखवतो. कुत्र्याच्या बाजूने पाहिलं तर त्यात एक अगदी व्यवहाराची बाब आहे. माणूस जवळ आला तो पोळी हिसकावायला नव्हे, तिच्यावर तूप घालायला. जेवण राखणाऱ्या कुत्र्याला शिकवायचं ते एवढंच आहे. धावण्याचा भाग मात्र नामदेवांवर सोडा. तोंडात घास असलेल्या कुत्र्याच्या मागे लागलं की तो पळतो, नाहीतर जे असेल ते न चावता गिळतो, आणि कोपऱ्यात सापडला तर चावतो.

अन्न राखणं हा काही कुत्र्याचा दुर्गुण नव्हे. जो प्राणी तोंडातला घास सोडून देत गेला, त्याचा वंश टिकला नाही. आपल्या भागात पाळलेली बरीच कुत्री गल्लीतूनच उचलून आणलेली असतात. सहा-सात भावंडांत एका आईच्या अंगावर वाढलेली, मग हॉटेलामागच्या कचऱ्यातून मिळेल ते ओढून घ्यायला शिकलेली. काचीगुडा-नारायणगुड्याच्या गल्ल्यांत रविवारी रात्री बिर्याणीची हाडं पडतात, तेव्हा तिथे जे चालतं ते ज्याने पाहिलंय त्याला पिल्लाच्या मनात काय भरलेलं असतं हे सांगायला नको. पण हे फक्त गावठी कुत्र्यांचं आहे असं समजू नका. पैसे मोजून आणलेला लॅब्राडॉर आणि कॉकर स्पॅनियलही भांड्यावर पाय रोवून उभे राहतात. काहींच्या स्वभावातच ते जास्त असतं, काहींना आपण शिकवतो. दर वेळी तोंडातला मोजा, चप्पल, टीव्हीचा रिमोट ओरडून हिसकावला, की माणूस जवळ येणं म्हणजे नुकसान, हे गणित कुत्र्याच्या डोक्यात पक्कं बसतं.

मग ‘मालक कोण ते दाखवा’ हे आलं कुठून? १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या संशोधकाने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका कुंपणात कोंडलेले, त्यामुळे मारामाऱ्या भरपूर. त्यातून ‘टोळीचा म्होरक्या’ ही कल्पना रुजली. अमेरिकेतल्या डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या पुस्तकाने ती सगळीकडे नेली आणि कुत्रा शिकवणाऱ्यांनी ती जशीच्या तशी उचलली. पुढे याच मेक यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या एल्समियर बेटावर मोकळ्या लांडग्यांसोबत अनेक उन्हाळे काढले आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं की रानातली टोळी म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं, गादीसाठीची लढाई तिथे सहसा नसतेच. त्याहून आपल्या कामाची गोष्ट त्यांनी त्याच लेखात नोंदवली: लांडग्याच्या तोंडाजवळचं अन्न त्याचं असतं. समोरचा कितीही मोठा असो, ज्याच्या तोंडाशी घास आहे तो तो राखायला बघतोच. म्हणजे तुमचा कुत्रा भांड्यावर गुरगुरतो तेव्हा तो घराची सत्ता मागत नसतो. त्याला भात जाण्याची भीती वाटते, बस.

भीती धाकाने जात नाही, दबून राहते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २००९ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. मारणं, कुत्र्याला जबरदस्तीने उताणं पाडणं, तोंडातली वस्तू ओढून काढणं, असे उपाय केलेल्या कुत्र्यांपैकी किमान चौथा हिस्सा उलट अंगावर आला होता. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाची २०१८ सालची पाहणी तर थेट भांड्याविषयीच आहे. ज्या घरांत जेवता जेवता भांडं काढून घेतलं जायचं, तिथे गुरगुरणं-चावणं जास्त आढळलं. ज्या घरांत जेवण चालू असताना भांड्यात आणखी काही चवदार घातलं जायचं, तिथे कमी. पाहणीतून कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे पुरतं ठरत नाही, हे खरं. गुरगुरणाऱ्या कुत्र्याचंच भांडं लोक जास्त वेळा काढत असतील. तरी कौल कुठे झुकतो ते दिसतं.

उपायाकडे वळण्याआधी कुत्र्याची नजर वाचायला शिका. गुरगुर हा पहिला इशारा नसतो. तो बराच पुढचा असतो. तुम्ही जवळ गेलात की खाण्याचा वेग अचानक वाढतो, हे बहुतेकांना भुकेचं लक्षण वाटतं. तो घाई करतोय, कारण तुम्ही याल आणि न्याल. मग डोकं भांड्यात आणखी खोल जातं, खांदे भांड्यावर झुकतात, हलणारी शेपटी थांबते. मान न वळवता डोळे तेवढे तुमच्याकडे फिरतात आणि कडेला पांढरं दिसतं. याच्यापुढे क्षणभर सगळं शरीर दगडासारखं थिजतं. हे थिजणं दिसलं की तिथेच थांबा आणि सावकाश मागे सरका. त्यानंतरच्या पायऱ्या म्हणजे ओठ वर चढणं, गुरगुर, हवेत दात वाजवणं आणि चावा. या पायऱ्या काही कुत्री मिनिटभरात चढतात, काही एका श्वासात.

आणि गुरगुरल्याबद्दल कधीही मारू नका, ओरडू नका. गुरगुर ही त्याने दिलेली नोटीस आहे. मार खाऊन काही कुत्री गुरगुरायचं सोडतात, भीती मात्र तशीच राहते. मग एक दिवस असा कुत्रा नोटीस न देता चावतो आणि घरचे म्हणतात, ‘काही कारण नसताना चावला हो.’

तयारी थोडी करावी लागते. सर्वांत आधी पशुवैद्याकडे जाऊन या. मोठा झालेला, आजवर शांत जेवणारा कुत्रा एकाएकी भांडं राखायला लागला, तर दात दुखणं, कान, सांधे, पोटातले जंत असं काहीही असू शकतं. खाजेसाठी किंवा झटक्यांसाठी चालू असलेल्या काही गोळ्यांनी, विशेषतः प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडने, भूक भलतीच वाढते. तेही डॉक्टरांना विचारा. नारायणगुड्याचा सरकारी पशुदवाखाना आपल्याला जवळ आहे. राजेंद्रनगरला पी. व्ही. नरसिंह राव यांच्या नावाचं पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, तिथेही दाखवता येतं. जाताजाता त्याच्या आहाराबद्दलही विचारून घ्या. दूध-पोळी आणि वरणभात यांवर वाढवलेला कुत्रा पोट भरून खातो, पण त्याच्या अंगाला लागणारी प्रथिनं त्यात पुरेशी नसतात. अशा अर्धपोषित कुत्र्याला उदार व्हायला शिकवणं अवघड आहे.

घरात त्याच्या जेवणाची एक जागा ठरवा. येण्याजाण्याच्या वाटेवर नको, देवघराशेजारी नको, फ्रिजसमोर तर नकोच. आपल्याकडच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये अशी जागा म्हणजे बहुधा मागची बाल्कनी किंवा धुण्याभांड्यांची मोरी. तिथे तीन बाजूंनी कोंडल्यासारखं होणार नाही एवढं बघा. वेळा ठरवा; मे महिन्यात दुपारी कुत्रा खात नाही, म्हणून भांडं दिवसभर भरून ठेवलं जातं आणि तो दिवसभर त्याची राखण करत बसतो. पंधरा-वीस मिनिटं द्या. तो जागेवरून उठून दुसऱ्या खोलीत गेला की मगच भांडं उचला. सराव सुरू असेपर्यंत जेवताना त्याच्याकडे कुणीही जायचं नाही, गोंजारायचं नाही. मुलांसाठी तर दार किंवा जाळी बंद. ‘आमचा बाळ्या त्याच्या अंगावर लोळतो, काही करत नाही’ हे सांगणारे पालक मला घाबरवतात. चावे घेतलेल्या मुलांचे पालकही आदल्या दिवशी हेच म्हणत असतात.

आता तुपाची वाटी भरायची. रोजच्या जेवणाहून कितीतरी सरस वाटेल असा खाऊ हवा, एरवी न मिळणारा. उकडलेलं कोंबडीचं मांस, मीठ-मसाला न घालता. शाकाहारी घरात पनीर चालतं, अंडं चालत असेल तर उकडलेलं अंडं. तुकडे मटाराच्या दाण्याएवढे करा, कारण ते पुष्कळ लागतात. कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलातलं उस्मानिया बिस्किट कुत्र्याला प्रिय असतं, पण त्यात साखर, मीठ, तूप सगळंच जास्त. कधी तरी चतकोर दिलं तर ठीक, सरावाला नको. बिर्याणीतलं काहीही नको: कांदा कुत्र्याच्या रक्ताला अपाय करतो आणि शिजलेलं हाड फुटून आतडं फाडू शकतं. द्राक्षं, मनुका, चॉकलेट यांना तोंडही लावू देऊ नका.

सरावाचा पहिला प्रश्न असतो अंतराचा. कुत्रा खात असताना तुम्ही किती लांब उभे राहिलात तर तो तुम्हाला पाहतो, पण त्याचं अंग सैल राहतं आणि खाणं त्याच वेगाने चालू राहतं? एखाद्याचं हे अंतर चार पावलं असेल, एखाद्याचं अख्खी खोली. तुमच्या मनाप्रमाणे नाही, त्याच्या अंगाप्रमाणे ते ठरवायचं. तिथपर्यंत चालत जा, थांबा, एक तुकडा भांड्याकडे फेका आणि मागे फिरून निघून जा. काही बोलायची गरज नाही, टक लावून बघायचं तर अजिबात नाही. थोड्या वेळाने पुन्हा. एका जेवणात असं पाच-सहा वेळा झालं की पुरे.

निघून जाणं लोक विसरतात. तुकडा टाकला, त्याने खाल्ला, आता काही होत नाही म्हणून तिथेच उभे राहतात, आणखी एक पाऊल पुढे टाकतात. कुत्र्याला तुमचं येणं जेवढं सोसायचं असतं, तेवढंच तुमचं जाणंही हवं असतं. तुम्ही येता, चांगलं काही पडतं, तुम्ही जाता आणि भांडं होतं तिथेच राहतं: हे चारही भाग त्याला दर वेळी एकाच क्रमाने दिसले पाहिजेत.

फेका कसा, हेही सांगून ठेवतो. वरून हात उगारून फेकला तर मार खाल्लेला कुत्रा दचकतो. हात कमरेच्या खाली ठेवून, क्रिकेटच्या मुलांना चेंडू परत देतो तसा सोडा. नेम चुकून तुकडा भांड्याबाहेर पडला तर उचलायला जाऊ नका. तो त्याचा त्याला सापडेल.

काही दिवसांनी तुम्हाला एक बदल दिसेल. तुमचं पाऊल वाजलं की तो भांड्यातून डोकं वर काढेल. अंग सैल, तोंड थोडं उघडं, कान मऊ, शेपटी मागून हलतेय: ‘आणलंस का?’ असा चेहरा. पंगतीत पोट भरलेलं असतं तेव्हाच माणूस ताटावर हात आडवा धरतो; एरवी जिलबीचं ताट घेऊन वाढपी येताना दिसला की मान आपोआप वर होते. कुत्र्याची मान अशी वर व्हायला लागली की समजा तुम्ही त्याच्या हिशेबात चोराचे वाढपी झालात. हा चेहरा दिसल्याशिवाय एक पाऊलही पुढे सरकू नका. तो नुसता गुरगुरत नाही, एवढं पुरेसं नाही.

मग अंतर अर्ध्या पावलाने कमी करा. पुन्हा तेच, पुन्हा त्या चेहऱ्याची वाट. असं करत भांड्याशेजारून चालत जाता जाता तुकडा टाकता येतो, मग क्षणभर थांबून. नंतर थोडं वाकून. वाकणं ही आपल्याला किरकोळ वाटणारी, त्याला मोठी वाटणारी पायरी आहे. वरून झुकणारं शरीर कुठल्याच कुत्र्याला आवडत नाही, म्हणून वाकायला लागताना दोन पावलं मागे जाऊन सुरुवात करा. त्यानंतर हात भांड्याच्या दिशेने नेऊन तुकडा सोडणं, मग एका हाताने भांड्याला निसटता स्पर्श करून दुसऱ्या हाताने तुकडा आत टाकणं. पुष्कळ घरांनी इथेच थांबलं तरी चालतं. रोजच्या जगण्यात कुत्र्याच्या भांड्याला तो जेवत असताना हात लावायची वेळ किती वेळा येते? पुढे जायचंच असेल तर भांडं वितभर उचला, त्यात पनीरचा मोठा तुकडा घाला आणि लगेच खाली ठेवा. उचललेलं भांडं आधीपेक्षा भरून परत येतं, हे त्याला दर वेळी खरं झालेलं दिसलं पाहिजे.

मध्येच कुठे तो ताठला, तर तुमची घाई झाली, एवढाच त्याचा अर्थ. त्या जेवणापुरतं थांबा, पुढच्या जेवणाला दोन पायऱ्या खालून सुरू करा. सौम्य प्रकरणात काही आठवडे लागतात, जुनाट असेल तर महिने. एका सुट्टीच्या दिवशी सगळं उरकायचा मोह होतो. तसं केलेलं सोमवारपर्यंत टिकत नाही.

काही जण हाताने भरवायला सांगतात. लहान पिल्लाला ते छान; माणसाचा हात म्हणजे अन्न येण्याची जागा, हे त्याला लवकर कळतं. पण दात दाखवणाऱ्या मोठ्या कुत्र्यासमोर आपली बोटं आणून ठेवायचं कारण नाही. त्यापेक्षा रिकामं भांडं खाली ठेवा, उभ्या उभ्या डावाने थोडं वाढा, संपलं की आणखी थोडं. राखायला भांड्यात काही शिल्लकच नसतं, आणि तुमच्या येण्याची तोच वाट बघतो. ज्यांना वर सांगितलेला अंतराचा सराव किचकट वाटतो, त्यांनी इथून सुरुवात केली तरी हरकत नाही.

भांड्याचं जमलं म्हणजे हाडाचं जमलं असं होत नाही. चघळायचं हाड, गादीखाली लपवलेली पोळी, चोरलेली चप्पल यांची राखण वेगळी असते, कधी कधी जास्त तिखट. त्यासाठी सोडण्याचा एक शब्द शिकवा. सुरुवात त्याला फारशी किंमत नसलेल्या वस्तूने, समजा जुन्या दोरीने. ती तोंडात असताना ‘सोड’ म्हणा, लगेच नाकापुढे खाऊ धरा. तोंड उघडलं, दोरी पडली, खाऊ द्या आणि दोरी परत द्या. परत देणं महत्त्वाचं. सोडलं तरी माझं जात नाही, वर काही मिळतं, हे पटलं की मग चेंडू, मग रबरी खेळणं, शेवटी चघळायचं हाड. खरोखर धोक्याचं काही तोंडात असेल, औषधाची पट्टी किंवा कोंबडीचं शिजलेलं हाड, तर शिकवत बसू नका. चार-पाच पावलांवर मूठभर चवदार तुकडे विखरून टाका, तो ते वेचायला गेला की मधलं दार लावा आणि वस्तू उचला.

आमच्या भागातल्या मराठी घरांत इथे एक खास अडचण येते. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, तेव्हापासून इथे राहिलेल्या घरांत आजही एका छताखाली चार भाषा चालतात. आजी म्हणते ‘सोड’, धुणंभांडी करणारी अक्का म्हणते ‘वदिलेय्’, नातू ‘छोड ना’ ओरडतो आणि इंग्रजी शाळेतली नात ‘लीव्ह इट’. कुत्रा बिचारा चौघांकडे आळीपाळीने बघतो. एक शब्द ठरवा आणि अक्कासकट सगळ्यांकडून तोच म्हणवून घ्या. कुठला ते महत्त्वाचं नाही. तसंच, एका माणसाकडे झालेला सराव दुसऱ्याच्या खात्यावर जमा होत नाही. बाबांनी भांड्यात हात घातलेला चालतो म्हणून आजोबांचा चालेल, असं धरू नका. प्रत्येक मोठ्या माणसाने लांबून सुरुवात करायची. दुसऱ्या-तिसऱ्या माणसाच्या वेळी ते बरंच भराभर होतं. लहान मुलांनी हा सराव करायचा नाही, मोठ्यांच्या देखरेखीखालीही नाही.

दोन कुत्री असतील तर त्यांना दोन खोल्यांत वाढा. एका कुत्र्याने दुसऱ्यापासून आपलं भांडं राखणं स्वाभाविक आहे, त्यांना ‘वाटून खा’ शिकवत बसण्यात अर्थ नाही. गणपतीत घरी पाहुण्यांची ये-जा असते, मुलांच्या हातात मोदक असतात, जमिनीवर प्रसाद सांडलेला असतो. त्या दिवसांत कुत्र्याला मागच्या खोलीत त्याचं आवडतं काही चघळायला देऊन ठेवा. सराव कितीही चांगला चालला असला तरी आरतीच्या गर्दीत त्याची परीक्षा घेऊ नका.

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना आणखी एक सांगायला हवं. आपल्याकडे इमारतीखाली गाड्यांचा सेल्लार असतो, तिथेच वॉचमनचं कुटुंब राहतं, आणि वरच्या मजल्यावरचे प्राणिप्रेमी रात्री उरलेला भात तिथेच गल्लीतल्या कुत्र्यांना घालतात. म्हणजे कुत्री ज्या जागेची राखण करायला शिकतात, ती नेमकी दुसऱ्याच्या मुलांची खेळायची जागा असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये शेजारच्या अंबरपेटेत भटक्या कुत्र्यांच्या हल्ल्यात चार वर्षांचा मुलगा गेला. तोही एका वॉचमनचाच होता. त्या हल्ल्याचं कारण अन्न होतं असं मी म्हणत नाही. पण त्यानंतर तरी खाऊ घालण्याची जागा विचार करून ठरवायला हवी होती. त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत हे स्पष्ट लिहिलं आहे: जिने, इमारतीचं येण्याजाण्याचं दार आणि मुलांची खेळायची जागा यांपासून दूर, मुलं आणि वृद्ध फिरकत नाहीत अशा वेळी, सोसायटीने ठरवलेल्या ठिकाणी खायला घाला. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही रस्त्यावर वाटेल तिथे नव्हे, नेमून दिलेल्या जागीच, असंच म्हटलं आहे. एका ढिगावर सगळ्यांना न बोलावता कागदावर किंवा पत्रावळीवर सात-आठ फुटांवर वेगवेगळे वाटे घाला, कुत्र्यांपेक्षा एक-दोन वाटे जास्तच. संपेपर्यंत लांब उभे राहा आणि सगळी पांगल्यावर जागा झाडून घ्या. उरलेल्या हाडावरूनच नंतरची भांडणं होतात. गल्लीतल्या कुत्र्यावर वर सांगितलेला सराव करू नका. त्याला जेवताना एकटं सोडणं पुरेसं आहे.

काही प्रकरणं घरच्या घरी हाताळायची नसतात. दात लागून रक्त आलं असेल, घरात रांगतं मूल असेल, किंवा कुत्रा भांड्यासोबत पलंग, दार, एखादं माणूसही राखायला लागला असेल, तर वर्तनाची माहिती असलेल्या पशुवैद्याला किंवा अनुभवी प्रशिक्षकाला बोलवा. प्रशिक्षक निवडताना एकच प्रश्न विचारा: कुत्रा गुरगुरला तर तुम्ही काय करता? उत्तरात गळ्याला आवळणारी साखळी, झटका किंवा ‘दाबून धरतो’ असं काही आलं तर चहा पाजून निरोप द्या. मध्यंतरी जाळीचं मुसकं घालायची सवय लावली तर घरातला ताण कमी होतो. मुसक्यातून त्याला धापा टाकता आणि पाणी पिता यायला हवं. तोंड घट्ट बांधणारा कापडी पट्टा इथल्या उन्हात चालणार नाही. मुसकं घालून भांड्याजवळ जायचं धाडस मात्र करू नका, ते त्यासाठी नाही.

चावलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून; पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा खूप लांब असतात. हळद, चुना, तिखट, कॉफीची पूड काहीही भरू नका. मग लगेच डॉक्टरांकडे. नारायणगुड्याची इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेन्टिव्ह मेडिसिन आणि नल्लाकुंट्याचं फीव्हर हॉस्पिटल, ज्याला जुनी माणसं अजून कोरंटी दवाखाना म्हणतात, दोन्ही बरकतपुऱ्याहून हाकेच्या अंतरावर आहेत. कुत्रा घरचा आहे, त्याला लस दिलेली आहे, हे डॉक्टरांना सांगा. इंजेक्शन घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवू नका. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही.

आणि सगळं सुरळीत झाल्यावर एक चूक हमखास होते. आलेल्या पाहुण्याला दाखवायला म्हणून जेवणाऱ्या कुत्र्याचं भांडं उचललं जातं: ‘बघा, आता काही करत नाही.’ महिन्यांची कमाई अशी दोन मिनिटांत उधळू नका. आठवड्यातून एखाद-दोन वेळा, तो जेवत असताना जवळून जाता जाता पनीरचा तुकडा टाकत राहा. इतर दिवशी त्याला त्याच्या कोपऱ्यात निवांत जेवू द्या.